पहिला बार धरायचा नाही

"पहिला धरायचा नाही, वहिनी." असं म्हणत तो ताटातला पहिला घावन एका बोटानं कडेला सारायचा, जसा काही त्यात केसच निघालाय. मी म्हटलं का हो सर, कच्चा आहे का, तर म्हणे कच्चा नाही, पण पहिल्याला तवा नीट तापलेला नसतो, तो बाकीच्यांसारखा येत नाही, म्हणून तो धरायचा नाही. अहो घावन होता तो. खायचा होता. मोजायचा नव्हता.

तुम्ही पण बघितली असतील अशी माणसं. शिकून शिकून यांच्या डोक्यात इतकं भरलेलं असतं की समोरचं दिसायला जागाच राहत नाही. नाव लिहीत नाही, माझा नवरा अजून त्याच कंपनीत आहे. आणि तोंडावर आम्ही दोघं त्याला सर म्हणायचो, अहो-जाहो करायचो, पण इथं मी तो म्हणणार आहे, मनातल्या मनात कायम तोच म्हणत होते.

हॉलंडात न्यूनेनला आमची घरं एकाला एक चिकटलेली, आमच्यात आणि त्याच्यात एकच भिंत, तो शिंकला तरी कळायचं. तो पुण्याचा, चिपांच्या मशीनमधला मोठा इंजिनियर, एकटा राहायचा, बायको केव्हाच सोडून गेलेली. गणपतीला आमच्या बायका हळूच म्हणायच्या, "पहिली म्हणून धरली नसेल गं." हसून हसून मोदक हातातून पडायची वेळ यायची. माझा नवरा डिप्लोमावाला, त्याच्या हाताखाली मशीन जोडतो, चाकणमधून यानंच त्याला इकडे आणलेला. म्हणजे आमचं इथं राहणं, पोरीचं दूध, सगळं त्याच्या मर्जीवर, असं नवऱ्याला तरी वाटायचं, आणि नवऱ्याला वाटायचं म्हणून मलाही भीती.

एका शुक्रवारी नवरा म्हणतो, "उद्या सरांबरोबर जायचंय. दारू मोजायला."

"मोजून पिताय आता?" मी म्हटलं.

"अगं प्यायची नाही, बंदुकीची."

"हो का. पोरगी सहा महिन्यांची आणि बाप निघाला बंदुकीची दारू मोजायला."

"सर चल म्हणाले तर काय सांगू? बायको नको म्हणते?"

मग कळलं ते असं. त्याचा कॉलेजचा एक मित्र अमेरिकेत, डोंगराकडे राहतो. तिथं एल्क नावाचं जनावर असतं, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. सप्टेंबरात थोडे दिवस ते फक्त ठासणीच्या बंदुकीनं मारायला परवानगी, तर याला तिथलं परमिट मिळालेलं. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी लावून गोळी घालायची, गजानं ठासायची, एक बार काढायचा आणि परत पहिल्यापासून सुरू. आता किती दारू, कसली गोळी, केवढी जाड चिंधी घातली की बार बरोबर जागेवर जातो, ते शोधायला हा दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जायचा आणि माझा नवरा वही घेऊन मागे. मी माझ्या घरी चिकन केलं की हा विचारणार, "वहिनी, बोनलेस आहे ना?" ताटात हाड दिसलं की याचं तोंड वाकडं. आणि हा मारणार सांबराचा थोरला भाऊ!

मला हसू कशाचं येत होतं ते नवऱ्याला कळत नव्हतं. आमचं गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून. डुकरं रताळी उकरतात म्हणून आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, ठासणीची बंदूक होती, लायसनची. मी नववीत शाळा सोडली पण बार भरताना आबांना चिंध्या कापून मीच द्यायचे. आबांची रीत होती. नवीन दारू आणली की सकाळी उठून एकच बार काढायचा, फणसाला बांधलेल्या फळीवर. एकच. मग बंदूक पुसून ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत एक. आठ दिवसांत आठ भोकं, आणि ती आठ एका वाटीखाली झाकली की मग म्हणायचे, "झालं. आता जाऊ या शेतावर." मी एकदा म्हटलेलं, एका दिवसात आठ काढा की. तर आबा म्हणाले, "डुक्कर काय आठ काढू देतंय होय गं?"

दारूची मला भीती पण आबांच्याच घरातली. माझ्या चुलत्यानं दारूची बरणी माळ्यावर ठेवलेली, कोरडी राहते म्हणून, आणि खाली चूल. कौलं रस्त्यापर्यंत गेली. चुलती आत होती. मी सात वर्षांची होते, मला बघू दिलं नाही, पण आवाज अजून कानात आहे.

एका शनिवारी मी पण गेले क्लबात, पोरीला घेऊन. आत नाही, बाहेर कॉफी मिळते तिथं बसले. थोड्या वेळानं तो आला, हातात कागदांची चवड, असा खुशीत जसा काही बारावीचा निकाल लागलाय. टेबलावर पसरले सगळे. प्रत्येक कागदावर मधे चार भोकं एकमेकांना चिकटून, सुंदर, खोटं कशाला बोलू. आणि प्रत्येक कागदावर एक भोक लांब, वर उजवीकडे, त्याच्यावर लाल फुली.

"हे काय हो सर?" मी विचारलं.

"तो पहिला बार. नळी स्वच्छ असते ना, थंड असते. तो वेगळाच जातो. तो धरायचा नाही."

"सगळ्यांचा वेगळा जातो?"

"सगळ्यांचा. आणि एकाच दिशेला. म्हणून तर बिनधास्त काढून टाकता येतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा वहीत बघत होता. दोघंही इतके शिकलेले, आणि दोघांना दिसेना. अमेरिकेतल्या डोंगरात ते जनावर काय याला म्हणणार आहे का, काढा सर तुमचा पहिला, आम्ही थांबतो, मग दुसरा आमच्यावर काढा? मी तोंड उघडणार होते, पण तेवढ्यात तो पोरीच्या गालाला बोट लावून म्हणाला, "हिला गणित शिकवा हं वहिनी, नाहीतर आईसारखं घावनच करत बसेल." नवरा हसला. मी तोंड मिटलं.

आता खरं सांगते, तोवर मला तो नुसता फुकटचा शहाणा वाटायचा. मला त्याचा राग आला तो जुलैमध्ये.

त्याची दारू एका लाकडी पेटीत असायची, मागच्या शेडमध्ये, त्याचे कागद होते, पोलिसांचे वगैरे, सगळं नियमात. पण इथला पाऊस, शेडमध्ये ओल. एक दिवस नवरा जेवताना कौतुकानं सांगतो, सरांनी शोधून काढलं, ओलीमुळे बार थोडा खाली जातो, म्हणून त्यांनी पेटी वर नेली, मागच्या खोलीत, तिथं ते जुलैतही हीटर लावतात, त्यामुळे हवा कोरडी.

"मागच्या खोलीत कुठं?"

"भिंतीशी."

"कुठल्या भिंतीशी?"

नवरा घास घेऊन थांबला. त्या भिंतीच्या या बाजूला आमच्या पोरीची कॉट होती. लागूनच. मी रोज तिला झोपवताना त्या भिंतीला पाठ टेकून बसायचे.

मी तशीच उठले, हात पण धुतला नाही, त्याची बेल वाजवली. तो दारात, मी धापा टाकत, मला इतकी भीती वाटत होती की सर म्हणायचं पण राहिलं. "ती पेटी हलवा. आत्ता. पलीकडे माझी पोरगी झोपते."

"वहिनी, शांत व्हा. ती आपोआप पेटत नसते. मी तपमान लिहून ठेवतो रोज."

"माझ्या चुलत्याची पण पेटत नव्हती."

"तिथं चूल होती असणार. इथं चूल आहे का? घाबरायला काहीतरी डेटा लागतो हो."

तेव्हा मला ते सुचलं. म्हटलं, "सर, पेटी हलवा, मग मी सांगते तुमचा बार कुठं चुकतोय."

तो हसला. वाईट हसला नाही, त्याचंच वाईट वाटतं, अगदी प्रेमानं हसला, लहान पोर बोबडं बोललं की हसतात तसा. "कितवी शिकलात वहिनी?"

"नववी."

"मग राहू दे. दीड वर्ष काम केलंय मी त्याच्यावर." आणि दार लावलं, हळूच, आवाज न करता.

घरी नवरा मलाच बोलला. कॉन्ट्रॅक्टचं वर्ष आहे, तू सरांच्या दारात जाऊन ओरडतेस, परत पाठवलं तर चाकणला काय खायचं? मी त्याच्याशी भांडले नाही. कॉट ओढत ओढत खाली आणली आणि फ्रिजशेजारी लावली. पोरगी फ्रिज घुरघुरला की दचकायची. बाळांच्या दवाखान्यातली नर्स आली होती बघायला, तिनं विचारलं बेबी कुठं झोपते, मी म्हटलं किचन, ती म्हणाली व्हाय, आता हिला इंग्लिशमध्ये काय सांगू? दारू म्हटलं तर नवरा पितो असं समजायची. मी म्हटलं, कोल्ड. भर उन्हाळ्यात. तिनं काहीतरी लिहून घेतलं. वाटलं, आता पोरीलाच घेऊन जातात.

सप्टेंबरात तो गेला अमेरिकेला. बंदूक मित्राची, ह्याच्यासारखीच, दारू तिकडची, तशीच. म्हणजे इकडची पेटी घरातच, बंद घरात, भिंतीशी, आणि घरात माणूस नाही. तीन आठवडे. मी दिवसातून दहा वेळा वर जाऊन भिंतीला हात लावून बघायचे, गरम लागते का. लागायची नाही. तरी परत जायचे.

तो परत आल्याचं भिंतीतूनच कळलं, नळ सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच दारात उभा. दाढी वाढलेली. मी चहा टाकला. कप त्याच्यापुढे ठेवला तर तो कपाकडे बघतच बसला.

"मिळालं का जनावर?" मी विचारलं. मला माहीत होतं मिळालं नसणार. मला ऐकायचं होतं, खोटं का सांगू.

"समोर आलं होतं," तो म्हणाला. "सत्तर पावलांवर. आडवं उभं, तोंड डावीकडे. मी जिथं धरली तिथं गोळी लागली नाही. वर उजवीकडे गेली, कागदावर जायची तशीच. मागं लागली. पोटात. आणि ते पळालं." मग म्हणाला, "दोन दिवस रक्त शोधत फिरलो, वहिनी. सापडलंच नाही. ते कुठंतरी..."

"रोज सकाळी नळी पुसून भरायचात?"

"हो. स्वच्छ."

"म्हणजे पहिलाच बार."

त्यानं वर बघितलं. इतकी वर्षं मी त्याला घावन वाढले, पण त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलेलं ते पहिल्यांदा. "तुम्हाला माहीत होतं?"

"क्लबात कागद बघितले तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

तेवढ्यात पोरगी झोपेत कुरकुरली तसा तो वळला आणि त्याला कॉट दिसली, फ्रिज आणि कचऱ्याच्या डब्याच्या मधे. "ही इथं का झोपते?" त्यानं विचारलं. आणि विचारताविचारताच त्याला कळलं. त्याचं तोंड असं झालं की मला तरी बघवेना, आणि मी त्याच्यावर थुंकायची तयारी करून बसलेले होते उन्हाळ्यापासून. ते जनावर डोंगरात कुठंतरी पोट धरून पडलं असेल, आणि त्यात थोडी मी पण होते. एक वाक्य होतं माझ्याकडे. मी ते पेटीवर अडवून ठेवलं होतं. परत तशी वेळ आली तर परत अडवीन. पण होते मी पण.

तो चहा न पिता उठला.

आता तो लांब, झूटरमेर नावाच्या गावात राहतो, दुसरी कंपनी, बंदूक क्लबात कुणाला तरी देऊन टाकली म्हणे. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढलं, त्याच्या जाण्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. पलीकडच्या घरात एक डच जोडपं आलंय, शिंकत नाहीत. मला तो आठवतो तो त्या दुपारचाच. बाहेर बारीक पाऊस, आणि तो मागच्या दारातून ती पेटी घेऊन निघालेला, दोन्ही हातांवर, आडवी, झोपलेलं मूल नेतात तशी. स्वतःचं जॅकेट पेटीवर घातलेलं, अंगात नुसता शर्ट, तो भिजून पाठीला चिकटलेला. फाटक कोपरानं ढकलत होता, ते उघडेना. मी गेले नाही उघडायला. मी पोरीला उचललं आणि पुढच्या दारातून रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उभी राहिले, त्यानं पेटी गाडीत ठेवून गाडी क्लबाकडे वळवेपर्यंत.

मग घरात आले. इथले जिने शिडीसारखे, आणि नवरा सहाला येणार होता. मी थांबले नाही. पोरीला चटईवर सोडलं आणि कॉट एकटीनं, पायरी पायरी ओढत, वर नेली.