बैलाचे दात, माणसाची इयत्ता

टेंभुर्णीच्या बाजारात एका खोंडाचे दात पाहत होतो, तेव्हा माधवच्या घरून वहिनींचा फोन आला. माधव गेला. खोंडाचा मालक भाव सांगतच होता. त्याच्यावर खेकसलो आणि मिळाली ती जीप धरून जालना गाठलं…

माधव आणि मी शाळेत एका बाकावरचे. चौथीनंतर मी बैलांच्या धंद्यात शिरलो. तो शिकत गेला, जालन्यात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. नव्वदच्या सुमारास एका प्रश्नाने त्याला झपाटलं होतं. देशातले कारखाने, धरणं मोजतात, तसं माणसांच्या अंगातलं शिक्षण आणि कसब कसं मोजायचं? "मानवी भांडवल म्हणतात त्याला," तो म्हणाला. भांडवल म्हटल्यावर मी कान टवकारले.

"मंग माझं किती?"

"आमच्या हिशोबात, चौथीपुरतं."

मी भडकलो. "आरं, दात बघून बैलाचं निस्तं वय कळतं. पैसे मोजायच्या आधी मी त्याला औताला जुंपून बघतो. तू माणसाचे दातच मोजून राह्यला!"

तो हसला नाही. वही काढून त्यानं माझं बोलणं लिहून घेतलं. मग म्हणाला, "बराबर हाय तुझं. पण सगळा देश औताला जुंपून कसा बघायचा, तेवढं सांग." मला सांगता येईना. अजूनही येत नाही.

पुढे त्याच्या लेखात माझे दात आणि औत दोन्ही आले, पण 'एका अल्पशिक्षित व्यापाऱ्याच्या' तोंडी. तो शब्द मला फार लागला. रविवारी बाजार उठला की मी त्याला फोन करायचो, आणि बोलणं तिथंच यायचं.

"अल्पशिक्षित मागं घे."

"बरं, सातवी धर."

"दहावीच्या खाली बोलायचं न्हाई!"

तो निवृत्त झाल्यावर मी विचारलं, आता तुझं स्वतःचं मोल काय? दुसऱ्या एका पद्धतीत माणसाची पुढची कमाई धरतात, तो म्हणाला, "त्या हिशोबानं मी आता शून्य." मला त्याचाच राग आला. "बेकार हिशोब तुझा," म्हणालो आणि फोन आपटला. पुढच्या रविवारी पुन्हा केलाच.

शेवटी शेवटी तो नववीपर्यंत आला होता. मी दहावीवर अडून होतो. अडून बसलं की समोरचा वर चढतो, हा माझा धंद्यातला अनुभव…

रविवारी बाजार उठला की हात आपसूक फोनकडे जातो. आठवीलासुद्धा 'हो' म्हणालो असतो मी.