भाकरीआधीचा मुद्दा

हेवा हा शब्द आमच्या पत्रकांत कधी आला नाही. शोषण आलं, दडपशाही आली, कंत्राटी पद्धत तर दर दुसऱ्या ओळीला आली. पण बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या पहिल्या दीड वर्षात मी मन लावून जे केलं, ते म्हणजे माझ्या मैत्रिणीचा हेवा. त्यातून मला ख्रिस्तानं सोडवलं, हेही आत्ताच सांगून टाकते. लपवून ठेवायला ही काही रहस्यकथा नाही.

मी पुण्याची, ती नागपूरची. एका कन्नड अक्कांच्या घरी वरच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. ती प्लॅस्टिकच्या कारखान्यात तपासणीला, कंत्राटी. मी कामगार संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. पत्रकं लिहायची, छापून आणायची, गेटवर वाटायची. ती भित्री होती. रजेचा अर्जसुद्धा मी लिहून द्यायचे. सुपरवायझरचं नाव काढलं तरी तिचे हात थरथरायचे. मला ती तशीच आवडायची. शूर कोण आणि भित्री कोण, हे आमच्या खोलीत ठरलेलं होतं, आणि त्या वाटणीवर मी फार खूश होते.

मग ती रविवारी उपासनेला जायला लागली. तिच्या खात्यातल्या एका बाईंनी नेलं होतं. शिवणक्लासच्या वर एक हॉल, दहाबारा मराठी कुटुंबं, बहुतेक नगर-जालन्याकडची, आणि उपासना चालवायला आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले एक पाळक.

मी तिला म्हटलं, "आधी पगारी रजा मिळव, मग स्वर्गाचं बघू."

"काहून चिडतेस?" ती म्हणाली. "स्वर्गाचं मला नाही समजत. पण तिथं मला काही सिद्ध करावं लागत नाही."

हे मला झोंबलं. रविवारी दुपारी ती परत यायची तेव्हा पोटभर झोप झालेल्या माणसासारखी दिसायची. मी संघटनेच्या बैठकीतून यायचे ती घसा बसलेली, आणि ठरावात माझं वाक्य कुणी बदललं यावर धुमसत. आठवडाभर स्वातंत्र्य हा शब्द मी छापायचे आणि ते मिळत होतं तिला.

एकदा ती कामावर असताना मी तिचं बायबल उघडून बसले. पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. युक्ती कुठं आहे ते मी शोधत होते. सापडली नाही. चोरी केल्यासारखं पुस्तक होतं तसं ठेवून दिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात गेटवरचा प्रकार झाला. पाळी सुटली होती, आम्ही दोघी पत्रकं वाटत होतो; अलीकडे तीही आपणहून यायला लागली होती. रखवालदार नेहमीसारखा "अक्का, स्वल्प बाजूला" म्हणत होता, तेवढ्यात आतून व्यवस्थापनाचा माणूस आला. लंगडत, पण तावातावानं. पत्रकं कुणाची, असं त्यानं विचारलं. मी गठ्ठा डब्याच्या पिशवीत कोंबला आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले, बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी. तिथून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "मी वाटतेय. वाचा ना, तुमच्यासाठी पण आहे." आणि वर विचारलं, "गुडघ्याला काय झालं तुमच्या?"

त्यानं पत्रक घेतलं. बायकांनी तिच्याभोवती घोळका केला. संघटनेत चार दिवस तिचंच नाव. मी सगळ्यांना सांगितलं की मी तेव्हा छापखान्यात होते.

खरं तर मला शरम वाटायला हवी होती. वाटला तो हेवा, आणि तोही असा की तिनं केलेला चहा मला गिळवेना. धैर्य माझं होतं. पत्रकं माझी होती. आणि शत्रूच्या गुडघ्याची चौकशी करणारी ही कोण?

पुढच्या रविवारी मी म्हटलं, मी पण येते. बघू तरी काय देतात तिथं.

गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली प्रभुभोजनाची भाकर झाकलेली होती. पाळक म्हणाले, "भाकर घेण्याआधी कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर मोकळं करा. आपल्याला घाई नाही." मग ते गप्प बसले. ही तिथली रीत आहे. लोक उठतात, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यापाशी जाऊन हळू आवाजात बोलतात. एक काका आपल्या बायकोपाशी जाऊन वाकले. मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, सभा चर्चेसाठी खुली झाली. आमच्याकडे अध्यक्ष गप्प बसले की हात वर करायचा असतो.

मी हात वर केला, उभी राहिले आणि गेटवरच्या आवाजात म्हटलं, "माझा एक मुद्दा आहे."

सगळे वळले. मैत्रिणीनं कपाळाला हात लावला.

"बोल बाळ," पाळक म्हणाले.

"पहिलं म्हणजे, ही रविवारच्या बैठकांना येत नाही. दुसरं, ही व्यवस्थापनाच्या माणसाची विचारपूस करते." मागे कुणीतरी हसलं. पत्रकात तीन मुद्दे लागतातच, म्हणून मी तोंड उघडलं, आणि तिसरा मुद्दा माझ्याकडे तयार नव्हता. जे आत होतं तेच बाहेर आलं. "तिसरं, गेटवर मी पळाले आणि ही उभी राहिली. मी छापखान्यात नव्हते. मी बस स्टॉपवर होते. आणि तेव्हापासून मला ही डोळ्यांसमोर नको झालीय."

ती खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आली. "मला दिसत होतीस तू," ती म्हणाली. "पिशवीतून निम्मी पत्रकं बाहेर लोंबत होती."

"मग बोलली का नाहीस कुणाला?"

"काय बोलायचं? आजवर मी पण पळालेच ना."

म्हणजे माफ करण्यातही ती माझ्या पुढे होती, आणि मला पत्ता नव्हता. मी रडले, ते आधी रागानं.

"बस आता, प्रार्थना झाली तुझी," पाळक म्हणाले.

"ती तक्रार होती."

"त्याच्याकडे बहुतेक जण तक्रारच घेऊन येतात."

त्या दिवशी मी भाकर घेतली नाही. घ्यायला काही महिने गेले, आणि त्या महिन्यांत मी त्या पाळकांशी इतकी भांडले की त्यांच्या बायकोनं माझी खुर्ची चहाच्या पातेल्याशेजारी ठेवली. भांडताना निदान कप भर म्हणाल्या. पण त्या सकाळी काहीतरी सुटलं होतं. मी काय आहे ते एका हॉलभर माणसांना कळलं होतं आणि कुणी ठराव मांडला नव्हता. येशू माझ्यासारखीसाठी मेला, हे मला तोपर्यंत भाबडेपणाचं वाटायचं. मग वाटलं, तो खरंच मेला असेल तर शूर बाई असण्याची माझी नोकरी आता संपली. तिचा राजीनामा द्यायला मला दुसरी जागाच नव्हती.

पत्रकं मी अजून लिहिते. मागण्या एक इंचही कमी केलेल्या नाहीत. मध्यंतरी तोच लंगडा साहेब गेटवर आला आणि कागद नाचवत म्हणाला, हे कुणी लिहिलं? मैत्रीण शेजारी होती. ती बोलली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी," म्हटलं. हातातला गठ्ठा थरथरत होता, त्यालाही दिसलं असणार. बस स्टॉप तिथंच होता, तीस पावलांवर.

तिचे हात मात्र तेव्हा, पहिल्या वेळी, अजिबात थरथरले नव्हते. याचा हेवा मला अजून वाटतो. आता तो मी साठवत नाही, संध्याकाळी खोलीवर तिला तोंडावर सांगते.

"सांगून झालं?" ती म्हणते. "मग भेंडी चीर."