लॅपटॉपची गोधडी

आमच्या मुलीचा लॅपटॉप मी दुरुस्त केला आणि तो बिघडला.

तसा तो नुसता तापत होता. पण प्रियाची पुण्यातल्या कंपनीची मुलाखत त्यावरच, घरबसल्या व्हायची होती, म्हणून मी एक व्हिडिओ पाहिला. त्यातला दीडशहाणा म्हणाला, प्रोसेसरचं व्होल्टेज जरा कमी करा, मशीन थंड राहतं. मी भूगोलाचा मास्तर. व्होल्टेजशी माझा संबंध वीजबिलापुरता. तरी केलं. ‘जरा’ मला पटलं नाही, म्हणून भरपूर केलं.

लॅपटॉपनं जागेवरच मान टाकली. पुन्हा चालू केला, तर सकाळी हलवलेला बाण दुपारी पोचेल असं वाटायला लागलं. मुलाखतीला उरला होता अर्धा तास.

“अप्पा, काय केलं तुम्ही?”

“काय न्हाय. व्होल्टेज उतरवलं.”

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अख्खं कळंब व्होल्टेज न्हाय म्हणून बोंबलतंय, आन तुमी हाय ते उतरवलं?”

प्रियानं व्होल्टेज पहिल्यासारखं केलं. वेग वाढेना. मी आधी व्हायरसवर संशय घेतला, मग उन्हावर, मग सरकारवर. शेवटी कूलर ओढत आणून लॅपटॉपसमोर लावला. (प्रियाचे केस उडाले. लॅपटॉप ढिम्म.)

“प्रोसेसर तापला की वेग आपोआप उतरतो,” प्रिया रडकुंडीला येऊन म्हणाली. “पण एवढ्या हवेत तापतोय कसा?” तिनं लॅपटॉप खालून चाचपला आणि माझ्याकडं पाहिलं.

आमच्या घरात नवी वस्तू उघडी राहत नाही. रिमोट प्लास्टिकमध्ये, मिक्सरला झालर, फ्रिजला टोपी. लॅपटॉपला धूळ लागू नये म्हणून मी हौसेनं कापूस भरलेलं, इलास्टिकचं घट्ट कव्हर शिवून घेतलं होतं. पंख्याची भोकं त्याच्या आत होती.

“नाकातोंडाला फडकं बांधायचं आन पळ म्हणायचं, व्हय?” बायको म्हणाली.

कव्हर निघालं. थोड्या वेळानं बाण पळायला लागला. मुलाखत संपेपर्यंत मला गच्चीवर वाळत्या पापडांची राखण दिली.

तासाभरानं प्रिया हसत वर आली. “अप्पा, त्यांनी विचारलं, कामात अडचण आली तर पहिल्यांदा काय करता?”

“मग?”

“म्हटलं, आधी तिला गच्चीवर पाठवते.”

नोकरी लागली. पेढे देताना मी प्रत्येकाला सांगतो, पोरीच्या यशात माझा मोठा वाटा आहे. घरातलं कुणीही ते खोडून काढत नाही.