नागपूर न लिहिलेल्या पेट्या

दिल्ली कॅन्टोन्मेंटातल्या आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून लुंबिनी राहायची. तिचा नवरा सिद्धांत, लष्करात हवालदार, सीमेवरच्या चौकीत झोपेतच हृदयविकारानं गेला. लोकांना हे मरण फारसं पसंत पडलं नाही. "म्हणजे गोळी नव्हती लागली?" असं आमच्या फौजी बायकांच्या मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, आणि श्रद्धांजलीच्या फलकावरून त्याचं नाव पुढच्या कार्यक्रमात गायब झालं. वर लुंबिनी रडत नाही, ही दुसरी तक्रार. दुसऱ्याच्या रडण्यावर देखरेख करायला या मंडळींना वेळ बरा मिळतो.

क्वार्टर रिकामं करायची वेळ आली तसे नागपूरहून थोरले दीर वाल्मीकराव आले. आल्या आल्या सोफ्यावर मांडी ठोकून त्यांनी तिचं उरलेलं आयुष्य मार्गी लावलं. नागपूरच्या घरी मागच्या खोलीत राहायचं, सासूचं बघायचं. "चलो, हे ठरलं," म्हणाले. तिला विचारावं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

लुंबिनी पहाडगंजच्या शाळेत शिकवते. आजवर प्रत्येक बदलीला तिनं हातातली नोकरी सोडली होती. ही तेवढी टिकली होती. दिल्लीतल्याच द्वारका वस्तीत तिनं एक खोली बघून ठेवली होती, हे फक्त मला ठाऊक. पण दिरांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि मला तिचाही राग येत होता.

फौजी घरातलं सामान काळ्या लोखंडी पेट्यांतून हलतं. बदली झाली की जुनी अक्षरं काळ्या रंगानं बुजवायची आणि पांढऱ्यानं हुद्दा, नाव, नवं ठिकाण लिहायचं. सिद्धांतचं अक्षर भयंकर, म्हणून हे काम कायम तिच्याकडे. ट्रक येणार त्या सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ती अंगणात ब्रश धरून बसलेली. सवयीनं पहिल्या पेटीवर 'हवालदार सिद्धांत' लिहून बसली होती, आणि पुढे काय लिहावं ते तिला कळेना. मग ती रडली. मोठ्यानं, नाक शिंकरत. तक्रारवाल्या बाई तेव्हा नेमक्या तिथं नव्हत्या. मीही रडले.

चहा निवून गेला. तिनं काळ्या रंगाचा डबा पुन्हा उघडला.

वाल्मीकराव आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ट्रक दारात उभा होता. पेट्यांवर ओळीनं लिहिलं होतं, 'लुंबिनी, द्वारका'. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं.

"नागपूर कुठाय? आणि सिद्धांतचं नाव?"

"त्यांचं नाव झाकणाच्या आतून लिहिलंय, भाऊजी. ट्रकवाल्याला मी द्वारकेचा पत्ता दिलाय."

ते तरातरा पुढे आले आणि पेटीची कडी धरायला वाकले.

"हात लावू नका," लुंबिनी म्हणाली. "रंग ओला आहे."