जगतापांच्या चाकूचे दाते

आमचं खातं डिस्पॅचचं, मकरपुऱ्यातल्या एका पंपांच्या कंपनीत. सकाळी पॅक झालेला माल संध्याकाळी ट्रकमध्ये चढतो आणि शेड मोकळी होते. मागे उरतात सुतळीचे तुकडे आणि किस्से. सुतळी झाडून काढता येते. किस्से साठतच जातात, आणि एक सांगायला घेतला की त्याच्या खालचे चार आपोआप बाहेर येतात. घरी सांगायला लागले की मुलगी म्हणते, "आई, हा सांगून झाला." म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकू.

तर माझ्या टेबलाच्या डावीकडे जगताप, उजवीकडे पाटणकर, मी मध्ये. दोघं तरसालीत एकाच सोसायटीत राहणारे, शाळेपासूनचे दोस्त, एकाच स्कूटरवर येणारे. आणि या दोघांचं बोलणं मध्यंतरी जवळपास वर्षभर बंद होतं. जमिनीवरून नाही, पोरांच्या लग्नावरून नाही, खिशातल्या एका चाकूवरून! हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल ही बाई चाकूचं काय एवढं घेऊन बसलीय.

*

चाकू जगतापांचा. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा पहिल्या सुट्टीत त्याने आणलेला. घडीचा, बोटभर पात्याचा. धार सरळ नाही, दातेरी. करंजीची कडा कातल्यावर दिसते तशी. जगतापांचे पूर्वज संस्थानच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात होते, असं ते सांगतात. तिथे काय करत होते ते सांगत नाहीत.

हा चाकू ऑफिसात आला त्याच आठवड्यात एक ट्रक भिजून आला. नायलॉनची दोरी पाण्याने आवळून गच्च झालेली. शहासाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, कटर लावला. पातं मोडलं. पाटणकरांनी माझ्या टेबलावरची कात्री नेली, न विचारता. कात्रीचा स्क्रू गेला. मग जगताप उठले, चाकू उघडला, एकदा ओढला. दोरीचे दोन तुकडे.

शहासाहेब बघत राहिले. जगताप म्हणाले, "साहेब, सरळ धार दोरीवरून घसरते. दाते दोरीला धरतात." सगळ्यांनी वाहवा केली. माझ्या कात्रीबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही.

*

त्या दिवसापासून जगतापांच्या लेखी सरळ धार म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा. आली, चमकली, गेली. दातेरी धारेचं तसं नसतं म्हणे. टोकं झिजली तरी मधल्या खाचा आत सुरक्षित, त्या कापत राहतात. हे तत्त्वज्ञान आम्हाला जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकावं लागे.

एक मात्र कबूल करते, की काही गोष्टींत ते खरं होतं. शहाभाभींच्या हातचा हांडवो यायचा, डाळतांदळाचा, जाड, वरून खरपूस, आतून मऊ. साध्या सुरीने कापला तर वरचा पापुद्रा आत दबतो आणि हांडव्याचा उपमा होतो. जगतापांच्या चाकूने वडी कशी सुटसुटीत निघायची. पिकलेला टोमॅटो, सेव उसळीबरोबरचा पाव, सगळं झकास.

पण माणूस थांबेल तर ना! एकदा शहासाहेबांनी सफरचंद दिलं. मी म्हटलं, याला माझी साधी सुरी घ्या. जगतापांनी ऐकलं नाही. फोडींवर नांगर फिरवल्यासारख्या रेघा उठल्या. शहासाहेबांनी फोड उचलून उलटसुलट पाहिली.

"नक्षी आहे," जगताप म्हणाले.

शहासाहेबांनी नक्षी खाल्ली. पुढे जगताप माणसांचीही वाटणी करायला लागले. शहासाहेब सरळ धारेचे, पाटणकर सरळ धारेचे, बँकेतला कॅशियर सरळ धारेचा. मी विचारलं, आणि मी? ते म्हणाले, "बेन, तुम्ही दातेरी." (ऑफिसात मला सगळे गुजराती रिवाजाने बेनच म्हणतात.) ही स्तुती आहे असं पाटणकरांनी मला दोन दिवस समजावलं. मला अजून पटलेलं नाही.

*

चाकूची निगा हा एक वेगळाच सोहळा होता. महिन्यातल्या एका शनिवारी, जेवणानंतर, टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. आधी ब्रशने दात्यांतला मळ काढायचा, कारण सुतळीचं कुसू आणि हांडव्याचं तेल मिळून जे काही तयार होतं ते सिमेंटच. मग बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. मग निमुळती गोल कानस घेऊन एकेका खाचेत, एकाच बाजूने, हलक्या हाताने घासायचं. दुसऱ्या बाजूला जो बारीक कीस येतो, तो शेवटी पट्ट्याच्या चामड्यावर पुसून टाकायची. सपाट दगडावर हा चाकू घासायचा नाही, घासला की मेला. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मोबाइलचा टॉर्च धरायचं काम पाटणकरांचं. टॉर्च हलला की जगताप खेकसायचे, आणि पाटणकर निमूट ऐकून घ्यायचे. यात आनंद काय होता ते त्यांनाच ठाऊक.

ब्रश दातांचाच, पण साधासुधा नव्हे. दुकानात जाऊन जगतापांनी हिरड्या नाजूक असणाऱ्यांसाठीचा मऊ ब्रश मागितला होता. त्यांचा स्वतःचा ब्रश बघाल तर झाडूसारखा पसरलेला. जगतापवहिनींनी मला सांगितलं, बेन, तुम्ही तरी बोला यांना. मी बोलले.

"माझे पडले तर कवळी मिळते," जगताप म्हणाले. "याला कोण देणार?"

*

आता तो प्रसंग. जगताप भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला निघाले. वहिनींनी बजावलं, चाकू घरात ठेवायचा. कारण आधीच्या एका लग्नात यांनी मांडवाची एक दोरी नडते म्हणून कापली होती आणि झालर आहेर घेणाऱ्या मंडळींवर आली होती. जगतापांनी चाकू घरी ठेवला नाही, पाटणकरांकडे ठेवला. घरी नातू होता, आणि विश्वास म्हणाल तर पाटणकरांवरच.

पाटणकरांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. जगतापांना अलीकडे जवळचं नीट दिसत नव्हतं. मागच्या शनिवारी कानस सटकून अंगठ्याला लागली होती, आणि त्यांनी ती जखम हातरुमालात लपवली होती. टॉर्च धरणाऱ्याला हे दिसलं होतं. पाटणकरांनी ठरवलं, यावेळचं काम आपण परस्पर करून आणावं. तो परत आला की तयार चाकू हातात.

पाणीगेटला सायकलच्या चाकावर धार लावणारा एक जण बसतो. पाटणकर घरची विळी, बायकोची कात्री आणि हा चाकू घेऊन गेले. त्याला सांगितलं, भाई, आ दातावाळो छे, याला जपून. तो हो म्हणाला. मग पाटणकर समोर चहा प्यायला गेले. इथेच माती खाल्ली. चहा प्यायला जायचं ते काम झाल्यावर, एवढी साधी अक्कल असते माणसाला!

परत आले तर चाकू आरशासारखा. पात्याला एक खाच शिल्लक नाही. धारवाला खूश होता.

"दांता पडी गया हता, काका," तो म्हणाला. "बधा काढी नाख्या."

म्हणजे धारेला दाते पडले होते, ते सगळे काढून टाकले. तो बिचारा दातावाळो म्हणजे खराब झालेला समजला होता, आणि जपून म्हणजे नीट सपाट करून दे. त्याने तर मनापासून काम केलं होतं. पाटणकर तो चाकू घेऊन थेट माझ्या घरी आले. चेहरा पाहून मला वाटलं कोणी गेलं.

*

सोमवारी जगताप कंदी पेढे घेऊन आले. पाटणकरांनी चाकू त्यांच्या टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं, चहासकट. जगतापांनी पातं उघडलं. अंगठा फिरवला. मिटलं. खिशात टाकलं.

मग त्यांनी पेढ्यांचा बॉक्स फिरवला. शहासाहेबांना दिला, गेटवरच्या वॉचमनला दिला, मला दिला. शेवटी एक पेढा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बेन, हा त्यांना द्या."

त्यांना! अख्खा जन्म 'अरे पाटणकर' म्हणणाऱ्या माणसाने 'त्यांना' म्हटलं. पाटणकरांनी पेढा घेतला आणि खाल्ला नाही. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या टेबलावर मुंग्यांनी खाल्ला. मला त्या दिवशी दोघांचाही इतका संताप आला होता की काय सांगू. आणि वाईटही वाटलं, फार वाटलं.

*

पुढचं वर्ष मी पोस्टमन. 'बेन, त्यांना विचारा भरुचची गाडी लागली का.' 'बेन, त्यांना सांगा लागली.' मध्ये मी, दोन्हीकडून चार हातांवर बसलेली माणसं, आणि दोघांनाही कान होते.

गंमत म्हणजे स्कूटर चालू होती. बोलणं बंद, पण सकाळी जगताप खाली उभे राहायचे आणि पाटणकर मागे बसायचे. पाटणकरांना गाडी चालवता येत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या मागे बसायची भीती वाटते. तरसालीपासून मकरपुऱ्यापर्यंत एक शब्द नाही. फक्त खड्डा आला की पाटणकर आभाळाकडे बघून म्हणायचे, "खड्डा आहे." जगताप खड्डा चुकवायचे. ऐकलं असं मात्र दाखवायचे नाहीत.

पाटणकरांनी एकदा ऑनलाइन दातेरी चाकू मागवला. न बघता मागवला. आला तो पाव कापायचा, हातभर लांब. कुरिअर फोडताना गेटवर वॉचमनने अडवला, मग शहासाहेबांच्या केबिनमध्ये सुनावणी झाली. सुटका झाल्यावर पाटणकरांनी तो गुपचूप जगतापांच्या टेबलावर ठेवला.

जगताप चहा पिऊन आले, त्यांनी पाहिला. "बेन, कोणाचा तरी पावाचा चाकू इथे राहिलाय. न्यायला सांगा."

तो सध्या माझ्या घरी आहे. हांडव्याला उत्तम.

*

जगतापांनी नवीन चाकू घेतला नाही. मुलाने विचारलं तरी नको म्हणाले. तोच सपाट झालेला खिशात घेऊन फिरायचे, वापरायचे मात्र नाहीत. दोरी आली की सगळ्यांसारखा कटर. एकदा मी न राहवून विचारलं, आता हा कशाला बाळगता?

"दाते गेले म्हणून टाकून देतात का?"

मी म्हटलं, वा रे न्याय. चाकू टाकवत नाही, आणि मित्र टाकलात?

जगतापांनी माझ्याकडे अगदी खरं आश्चर्य वाटल्यासारखं पाहिलं. "टाकलं कुठे? रोज स्कूटरवरून घेऊन येतो की."

*

आणि हा शेवटचा. पाटणकरांच्या छातीत दुखायला लागलं ते स्कूटरवरच. खड्ड्याच्या आधी नेहमीचा आवाज आला नाही, म्हणून जगतापांनी गाडी थांबवली. मागे पाहिलं, आणि ऑफिसला न येता सरळ दवाखान्यात नेलं. बायपास करावी लागेल असं निघालं. ऑपरेशनच्या आधीचे सगळे दिवस जगताप रजा टाकून खोलीबाहेरच्या बाकावर. आत जायचे, औषध द्यायचे, उशी नीट करायचे, बाहेर यायचे. बोलायचे पाटणकरांच्या बायकोशी.

एका नर्सने नातं विचारलं, "काका, तमे पेशंटना शुं थाओ?"

जगतापांनी बराच विचार केला. "हुं एमनो स्कूटरवाळो," ते म्हणाले. नर्सने मान डोलावली आणि तिला ते पुरलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी डबा घेऊन गेले होते. पाटणकरांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. ते इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. बायको हात धरून स्तोत्र म्हणत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. वॉर्डबॉयने स्ट्रेचर लिफ्टपाशी आणलं. आम्ही सगळे बरोबर, जगताप दोन पावलं मागे. लिफ्ट यायला वेळ लागत होता. पाटणकरांनी मान वळवली. माझ्यावरून, बायकोवरून नजर काढली आणि मागे नेली.

"जगताप," ते म्हणाले. "डॉक्टरांचा चाकू कसला असतो रे?"

बाई स्तोत्र म्हणायच्या थांबल्या. जगताप दोन पावलं पुढे आले.

"सरळ धारेचा."

"दाते नसतात?"

"नसतात."

लिफ्टचं दार उघडलं. वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं. जगतापांनी कडेची दांडी धरलेली, ती सोडेनात. वॉर्डबॉय म्हणाला, काका, छोडो. त्यांनी वाकून पाटणकरांची चादर सारखी केली.

"सरळच चांगला असतो, पाटणकर," ते म्हणाले.