पल्याड जायची वाट

परवा उत्रोलीकडे जाताना तेलरंगाचा उग्र वास आला म्हणून मान वळवली, तर बंगल्यांच्या वसाहतीच्या लोखंडी फाटकाला नवा रंग देणं चाललं होतं. आत आखीव रस्ते, कडेला एकसारखी झाडं, आणि सगळे रस्ते आतल्या आतच संपणारे.

पूर्वी इथं भातखाचरं होती. त्यांच्या बांधांवरून थोरल्या मावशीच्या वाडीतून धाकटीच्या वाडीत जायची वाट होती. ती कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती. पण शेत कुणाचंही असो, बांध घालताना पाऊलभर जागा राखलेली असायची. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली, की मोकळ्या हाताच्या माणसानं चिखलात उतरायचं. एका बहिणीचं कालवण दुसरीकडे गरम असतानाच पोचायचं.

धाकटी गेल्याचा निरोप उन्हं कलताना आला तेव्हा मी थोरलीकडेच होते. आमच्याकडे सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. माहेरात कुणी उरलं नव्हतं, थोरलीच तिचं माहेर. पेटीतलं हिरवं लुगडं काखेत मारून मावशी निघाली. फाटक झाल्याला वर्ष झालं होतं, तिला ठाऊकही होतं. पण दुःखात पाय जुन्याच वाटेला लागले, आणि मीही तिच्यामागून चालत आले.

“आजी, कुणाकडं जायचंय?” रखवालदारानं विचारलं.

“कुणाकडंबी न्हाई रं. पल्याड जायचंय. भईन गेली माजी.”

तो कळवळला. जवळच्याच गावचा होता. “लई वाईट झालं. पर वहीत प्लॉट नंबर लिवावा लागतो. तसंच सोडलं तर नोकरी जाईल माजी.”

माझं तोंड तिखट. मी भांडत राहिले, तो साहेबांना फोन लावत राहिला, पलीकडून कुणी उचलला नाही. भांडण्यात घालवलेला तो वेळ मला अजून खातो. शेवटी डांबरी रस्त्यानं वळसा घेतला. एसटी निघून गेलेली. एका टेम्पोवाल्यानं घेतलं. “थांबा, आलोच,” असं मी फोनवर सांगत होते, पण दिवस मावळायला लागला तशी माणसं धाकटीला घेऊन नदीवर गेली.

आमच्यात बायका तिथं जात नाहीत. मावशी गेली. चिता रचून झाली होती, नेसवणं आता शक्य नव्हतं. तिनं लुगड्याची घडी मोडली आणि ते लाकडांवरून नीट पांघरलं.

“लई लांबून आले गं बाय,” ती म्हणाली.

हाकेच्या अंतरावर संसार केलेल्या बहिणीला तिनं हे सांगितलं. नकाशात त्या दोन वाड्या आजही शेजारीच आहेत. त्यांच्यात खरं किती अंतर पडलंय, ते मला आजतागायत सांगता येत नाही.