एसटीच्या तिकिटावरचा शेवट

कथा लिहायला बसण्याआधी मी एवढी तयारी करतो, की घरात लग्न निघालंय असं कुणालाही वाटावं. सुचेल ते चिठ्ठ्यांवर टिपायचं, मग त्या ओसरीत ओळीने मांडायच्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकेकीवर चिंचोका ठेवायचा. कोणता प्रसंग आधी, कोणता नंतर, हे तिथेच ठरतं. लिहिणं त्यानंतर, आणि पुष्कळदा ते होतच नाही.

यंदाची कथा घर सोडून गेलेल्या मुलीची होती. तिने आपल्या मनाने लग्न केलं, घरात भांडण झालं, ती निघून गेली आणि सहा वर्षांत फिरकली नाही. ही मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण, हे आईला सांगावं लागलं नाही. आईला लिहिता-वाचता येत नाही. ती शेजारी बसून सुपात लाखोरीची डाळ पाखडायची आणि मी वाचलेल्या चिठ्ठ्यांत चुका काढायची.

"थैली काहून लिहिली? खाली हातानंच गेली होती."

तिला सगळं आठवत होतं. अंगातला पिवळा कुर्ता, धानाच्या रोवणीत दुखावलेलं अंगठ्याचं नख, ताटात तशीच राहिलेली अर्धी भाकर. मला तर बहिणीचा चेहराही नीट आठवेना. लाज वाटली.

मुलगी परत येते आणि आमच्या लाखांदूरच्या स्टँडवर उतरते, हा शेवट मला प्रवासात सुचला होता. जवळ कागद नव्हता म्हणून तो एसटीच्या तिकिटामागे लिहिला. ती लांबट पट्टी मी ओळीत सर्वांत शेवटी ठेवायचो. पाणी प्यायला उठून परत आलो, की ती पहिल्या जागेवर असायची. दोनदा मी मुकाट्याने मागे नेली. तिसऱ्यांदा चिडलो.

"माय, हा शेवट हाय. पहिले कसा येईन?"

"येऊ दे ना तिले पहिले," आई म्हणाली. "भांडण मांगून लिहत बसजो."

भांडणाच्या चिठ्ठीपाशीच तर घोडं अडलं होतं. तिच्यावर वडील होते, शेजारी होते, अंगणात उभा असलेला जावई होता. मी कुठेच नव्हतो.

"पुन्हा या दारात पाय ठेवू नको, असं तिले कोण म्हणलं होतं?" मी विचारलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

आईचं सूप थांबलं. "तेवढं नको लिहू," ती हळूच म्हणाली. "लोक तुले नावं ठेवतीन."

सहा वर्षं ती मुलीसाठी झुरत होती, आणि तरी अब्रू माझी सांभाळत होती. मी नवी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, 'हे भाऊ म्हणाला.' मग उठून फोन काढला. मामेभावाने दिलेला बहिणीचा नंबर त्यात कधीचा पडून होता.

बोलायची वाक्यंसुद्धा मी मनात ओळीने मांडली होती. तिचं "हॅलो" ऐकलं आणि एकही सापडेना.

"मी बोलून राहिलो," एवढं म्हणालो. "चुकलो होतो मी."

तिने फोन ठेवला नाही. मी तो आईच्या कानाला लावला. आई रडली नाही, खुशाली विचारली नाही.

"किती वाजताच्या गाडीनं येशीन, ते सांग," ती म्हणाली. "नाही सांगितलं तरी चालते. मी सकाळपासूनच स्टँडवर बसून राहीन."